नागपूरहून विशाखापट्टणम: मुलाबाळांसह तीन मुक्कामांची सहल कशी आखावी

नागपूरच्या माणसाला समुद्र म्हटलं की आधी गोवा आठवतो, मग कोकण. दोन्हीकडे जाण्यायेण्यातच सुट्टी संपते. त्यापेक्षा विशाखापट्टणम, म्हणजे बोलीतलं विझाग, सोयीचं. गाडी न बदलता एका रात्रीच्या प्रवासात तुम्ही थेट बंगालच्या उपसागरावर पोचता. समुद्र, डोंगर, गुहा, पाणबुडी आणि मंदिर एकाच शहरात आणि त्याच्या आसपास आहे. चार-पाच दिवसांची सुट्टी काढली, तर तीन मुक्काम नीट पदरात पडतात.

आखणी करताना एक गोष्ट पक्की धरा. हा पूर्व किनारा आहे, इथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि जमिनीकडे मावळतो. शिवाय हे शहर नागपूरच्या चार अंशांहून थोडं अधिक पूर्वेला आहे, त्यामुळे दिवस साधारण पंधरा मिनिटं आधीच सरकलेला असतो. डिसेंबरात साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. गोव्याच्या सवयीने दहाला नाश्ता, बाराला बाहेर आणि सूर्यास्ताला समुद्रावर असा दिवस काढला, तर निम्मं विझाग हातचं जातं. पहाटे समुद्र, दुपारी सावलीतलं काही आणि चारनंतर डोंगर, हा क्रम इथे चालतो.

केव्हा जायचं

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. शाळांमुळे अनेकांना दिवाळीची सुट्टीच सोयीची पडते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा या किनाऱ्यावर चक्रीवादळांचा मोसम आहे. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद वादळ याच शहरावर धडकलं होतं. दिवाळीत जायचंच असेल तर रद्द केल्यावर पैसे परत मिळतील असंच हॉटेल घ्या आणि निघण्याच्या चार दिवस आधीपासून हवामान खात्याचे इशारे पाहत राहा. दुर्गापूजा आणि नाताळात बंगालकडून पर्यटकांचा मोठा ओघ असतो. तेव्हा विझागजवळच्या डोंगरातल्या अरकूच्या खोल्या आणि गाड्या सगळ्यात आधी भरतात.

मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर असताना विझागचा ३५-३६ चा आकडा मोहात पाडतो. त्यावर जाऊ नका. आपल्याकडची हवा कोरडी, घाम लगेच वाळतो, म्हणून अंग थंड राहतं आणि कूलरही चालतो. तिथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही. लहान मुलं आणि आजी-आजोबा तासाभरात गळून जातात.

गाडी आणि आरक्षण

नागपूरहून दोन वाटा आहेत. एक गोंदिया, रायपूर, टिटलागढ, रायगडा, विजयनगरम अशी, अंदाजे ८२० किलोमीटरची. समता एक्स्प्रेस या वाटेने जाते, पण ती रोज नसते. दुसरी बल्लारशाह, वारंगल, विजयवाडा अशी, अंदाजे हजार किलोमीटरची. दिल्लीहून येणारी एपी एक्स्प्रेस या वाटेने जाते. दोन्हीकडून सोळा-अठरा तास धरा.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जातानाचं आणि येतानाचं तिकीट एकाच दिवशी उघडत नाही हे लक्षात घेऊन दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. येतानाचं तिकीट मागाहून बघू म्हणणाऱ्यांचीच पंचाईत होते, कारण रविवारी परतणारे सगळेच असतात.

तिकीट काढताना या चुका हमखास होतात:

- गाडी नागपूरला रात्री बाराच्या पुढे येत असेल तर तारीख दुसऱ्या दिवसाची लागते. शुक्रवारी रात्री घरून निघून साडेबाराची गाडी पकडायची, तर तिकीट शनिवारचं हवं.
- विशाखापट्टणम स्थानकात गाडीला दिशा बदलून बाहेर पडावं लागतं, म्हणून पुढे जाणाऱ्या काही गाड्या शहरात न शिरता दुव्वाडावरून निघून जातात. दुव्वाडा शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. तिकिटावर ‘व्हीएसकेपी’ हा कोड आहे ना, ते पाहा.
- पाच वर्षांखालच्या मुलाला बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं, नको असेल तर निम्मं. रात्रीच्या प्रवासात इथे काटकसर करू नका. एका बर्थवर दोघं झोपले की दोघांचाही दुसरा दिवस वाया जातो.

रायपूरनंतरच्या पट्ट्यात खायला नीट मिळेल याची खात्री नसते. डबा घरूनच न्या. तिखट-मिठाच्या पुऱ्या, धपाटे, कोरडी चटणी, भाजक्या पोह्यांचा चिवडा हे दीड दिवस टिकतं. दही किंवा ओल्या नारळाचं काही नेऊ नका. चौघांसाठी सहा लिटर पाणी घ्या.

विमानाने जायचं तर बहुतेक वेळा हैदराबादला विमान बदलावं लागतं. स्वतःची गाडी घेऊन आठशेहून अधिक किलोमीटर, तेही बस्तर-कोरापुटच्या घाटांतून, चार दिवसांच्या सहलीत मुलांसोबत करू नये.

खोली कुठे घ्यायची

रामकृष्ण बीच, ज्याला सगळे आर. के. बीच म्हणतात, आणि जगदंबा जंक्शन यांच्यामधला भाग कुटुंबाला सगळ्यात सोयीचा. पहाटे चालत समुद्रावर जाता येतं, खायची ठिकाणं जवळ असतात आणि स्थानकही लांब नाही. ऋषिकोंडा दिसायला जास्त सुंदर आहे. पण तिथे राहिलं की रोजचं जाणं-येणं वाढतं आणि संध्याकाळी मुलं पेंगलेली असताना ते जाणवतं.

बुकिंग करताना फोनवर तीन गोष्टी विचारा. चेक-इन चोवीस तासांचं आहे की दुपारी बाराचं? गाडी पहाटे पोचणारी असेल तर हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नाही तर सामान आणि झोपाळलेली मुलं घेऊन सात तास लॉबीत बसावं लागतं. दुसरं, एसी चालू आहे का? हिवाळ्यातही दमटपणा घालवायला तो लागतो. तिसरं, लिफ्ट आहे का? ‘समुद्रासमोरची खोली’ म्हणून दुप्पट पैसे देण्यात फारसा अर्थ नाही. तुम्ही खोलीत असाल तेव्हा बहुधा अंधार असेल.

सामान

समुद्रात उतरायचे कपडे प्रत्येकी दोन जोड हवेत. दमट हवेत ओला कपडा रात्रभरात वाळत नाही, सुती तर नाहीच. म्हणून नायलॉन किंवा पॉलिस्टरचे घ्या. जीन्स घालून पाण्यात जाणं धोक्याचंही आहे, भिजली की पाय उचलत नाहीत. पाच मीटर दोरी, डझनभर चिमटे आणि ओल्या कपड्यांसाठी दोन जाड पिशव्या ठेवा.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं घ्या. मोठ्या माणसाच्या उघड्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिलीलिटर लागतं आणि दर दोन तासांनी, शिवाय पाण्यातून बाहेर आल्यावर, पुन्हा लावावं लागतं. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला १०० मिलीलिटरची ट्यूब एका सकाळीच पुरते-न पुरते. बाह्यांचे टी-शर्ट आणि टोप्या घातल्या की हा खर्च निम्म्यावर येतो. वाळू झटकायला साधी टाल्कम पावडर न्या. कोरड्या पायावर भुरभुरून हाताने पुसलं की चिकटलेली वाळू सुटते. ओआरएसची सहा-सात पाकिटं लागतात. एक लिटरचं पाकीट एका लिटरमध्येच विरघळवा. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकून मुलांना पाजणं चुकीचं आहे, मिठाचं प्रमाण वाढतं.

पहिला दिवस: फार काही ठरवू नका

दुपारनंतर पोचलात तर फक्त आर. के. बीचवर चालायला जा आणि वाळूत बसून मुरमुऱ्यांचा ‘मुरी मिक्श्चर’ खा. पहाटे पोचलात तर अंघोळी उरकून आधी दोन तास झोपा. रिक्षाला मीटरची सवय फारशी नाही. मोबाइल ॲपवरून बोलावली किंवा आधी भाव ठरवला तर वाद होत नाहीत. बंदर, नौदल आणि रेल्वे यांच्यामुळे इथे देशभरची माणसं राहतात, त्यामुळे हिंदीवर काम भागतं.

दुसरा दिवस: शहर

सकाळी सहाला समुद्रावर हजर व्हा. सूर्य वर आला की नऊपर्यंत पाण्यात खेळून घ्या. खेळायला आर. के. बीचपेक्षा ऋषिकोंडा बरा. तो शहरापासून आठ-दहा किलोमीटरवर आहे. २०२० मध्ये त्याला ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालं. पाण्याची स्वच्छता आणि कपडे बदलायची जागा, शॉवर, जीवरक्षक अशा सोयी पाहून ते मानांकन दिलं जातं.

आता पाण्याविषयी जरा सविस्तर, कारण सगळी सहल यावर अवलंबून आहे. फुटाळा-अंबाझरीचं पाणी पाहिलेल्या मुलांना समुद्राची ओढ कळत नाही आणि मोठ्यांनाही कळतेच असं नाही. विझागच्या बऱ्याच किनाऱ्यांवर तळ हळूहळू खोल होत नाही, काही पावलांतच उतार लागतो. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस आडवा होतो. आर. के. बीच आणि यारादा इथे माणसं बुडण्याच्या घटना घडत आलेल्या आहेत. यारादा डॉल्फिन्स नोज या समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या पलीकडे आहे आणि फार देखणा आहे, पण तो बघायचा किनारा समजा, पोहायचा नव्हे.

त्याहून फसवी असते ती परतीची धार. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत परत जातं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी गडद आणि शांत दिसतं आणि फेस आतल्या दिशेने वाहताना दिसतो. अनोळखी माणूस नेमकी तीच जागा मुलांसाठी निवडतो. पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं किनाऱ्यावर उभं राहून लाटा कुठे फुटत नाहीत ते बघा आणि ती जागा सोडा.

मुलं गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात राहतील आणि त्यांच्यापेक्षा खोल बाजूला मोठं माणूस उभं असेल, असा नियम घाला. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. धारेत कुणी सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. त्यात दम संपतो आणि माणूस दमूनच बुडतो. पाठीवर तरंगत राहायचं, हात वर करून हाक द्यायची, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून धारेच्या बाहेर यायचं. धारेची रुंदी सहसा फार नसते. किनाऱ्यावरच्यांनी मागोमाग उडी मारू नये. जीवरक्षकाला बोलवावं आणि तरंगणारं काहीही, बंद केलेला रिकामा कॅनसुद्धा, फेकावं.

नऊनंतर खोलीवर येऊन अंघोळ आणि जेवण करा. मग थोडा वेळ पडून राहिलात तरी हरकत नाही.

मग आयएनएस कुरसुरा. ही खरीखुरी पाणबुडी बीच रोडवर वाळूत आणून ठेवली आहे. सोव्हिएत बनावटीची, ९१ मीटर लांब, १९६९ मध्ये नौदलात आली, २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून संग्रहालय म्हणून खुली आहे. आतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जाता येतं. टॉर्पेडो, खलाशांचे फळीएवढे अरुंद बिछाने, छोटंसं स्वयंपाकघर, सगळं जागच्या जागी आहे. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना गोल दारातून वाकून, पाय उचलून जावं लागतं. गुडघेदुखी असलेल्यांनी किंवा बंद जागेत घुसमटणाऱ्यांनी आत जाऊ नये, मधूनच मागे फिरणं अवघड जातं. समोरच नौदलाच्या टीयू-१४२ या टेहळणी विमानाचं संग्रहालय आहे, २०१७ मध्ये सुरू झालेलं. ते प्रशस्त आहे, आजी-आजोबांना तिथे न्या. जवळच १९७१ च्या युद्धाचं स्मारक आहे. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी ३-४ डिसेंबर १९७१ च्या रात्री याच शहराजवळच्या समुद्रात बुडाली. मुलांना ही गोष्ट स्मारकापाशीच सांगा. कुरसुरा सोमवारी बंद असते, इंदिरा गांधी प्राणिसंग्रहालयही. म्हणून सहलीत सोमवार येत असेल तर तो अरकूला द्या.

कुरसुराला गर्दी असली तर रांगेत अडकू नका. चारच्या सुमारास कैलासगिरीच्या डोंगरावर पोचायचं आहे. रोपवेने वर जा. उत्तरेला ऋषिकोंड्याकडे वळत जाणारा किनारा आणि दक्षिणेला शहर नि डॉल्फिन्स नोज, हे दोन्ही एकाच जागेवरून दिसतं. शंकर-पार्वतीच्या भव्य मूर्ती आणि छोटी आगगाडी मुलांना खिळवून ठेवतात. रविवारी रोपवेची रांग लांबते, तेव्हा रस्त्याने वर गेलेलं बरं.

तिसरा दिवस: अरकू आणि बोर्रा गुहा

हा दिवस सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात दमवणारा. अरकू रस्त्याने सुमारे ११५ किलोमीटर आहे. जाताना रेल्वे, येताना मोटार, ही जोडणी उत्तम. किरंदुलकडे जाणारी गाडी विझागहून सकाळी सातच्या आत सुटते आणि चारेक तासांत अरकूला नेते. बैलाडिलाचं लोहखनिज विझाग बंदरात आणायला १९६० च्या दशकात हा मार्ग बांधला. पन्नासहून जास्त बोगदे आणि दऱ्यांवरचे पूल ओलांडत गाडी पूर्व घाट चढते. काचेच्या छताच्या व्हिस्टाडोम डब्यात जागा थोड्या असतात, ते तिकीट मुख्य प्रवासाच्या तिकिटाबरोबरच काढा.

पुढची सांगड अशी घाला. आदल्या दिवशी टॅक्सी ठरवून तिला रस्त्याने थेट अरकू स्थानकावर बोलवा. तिथे आदिवासी संग्रहालय, पद्मापुरम बाग आणि जेवण, एवढंच दीडपर्यंत उरका. बांबूच्या पोकळीत निखाऱ्यावर भाजलेलं ‘बोंगुलो’ चिकन इथली खासियत आहे, पण समोर भाजलेलंच घ्या. कॉफीची पूडही इथेच घ्या. मग घाट उतरत, अनंतगिरीच्या कॉफीच्या मळ्यांशी थांबून, साडेतीनच्या आत बोर्रा गुहेच्या दाराशी पोचा. गुहा संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होते आणि तिकीट त्याआधीच थांबतं. पुष्कळ कुटुंबं अरकूत रेंगाळतात आणि बंद दारावरून परततात.

गुहा चुनखडीची आहे. छतातून झिरपणाऱ्या पाण्याने खांब, झुंबरं आणि शिवलिंगासारखे आकार घडले आहेत. पायऱ्या भरपूर आणि ओल्या असतात, त्यामुळे चप्पल नको, पकड असलेले बूट घाला. दारापाशी माकडं पिशव्या हिसकावतात, खायचं सगळं गाडीत ठेवा. गोस्थनी नदी इथूनच वाहते आणि पुढे भीमिली या किनाऱ्यावरच्या गावाजवळ समुद्राला मिळते. चौथ्या दिवशी तिकडे गेलात तर तिचं मुख मुलांना दाखवता येईल.

घाटात गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. लहान मुलांची गोळी डॉक्टरांना विचारून ठरवा. वर मोबाइलचं नेटवर्क दगा देतं, म्हणून सुट्ट्या नोटांत दोन-तीन हजार रुपये जवळ असू द्या. हिवाळ्यात स्वेटरही लागतो. तीन वर्षांखालचं मूल किंवा चालायला त्रास असलेलं कुणी सोबत असेल तर अरकू सरळ सोडा आणि हा दिवस प्राणिसंग्रहालय नि भीमिलीला द्या.

जेवण

दुपारी ‘मील्स’ घ्या. भात, पप्पू म्हणजे वरण, सांबार, रसम, भाज्या, पोडी म्हणजे कोरडी चटणी, आणि दही असं असतं, अनेक ठिकाणी भात पुन्हा वाढतात. पहिला भात पप्पू आणि तुपाशी खावा. सावजीवर वाढलेल्या नागपूरकराला तिखटाची भीती नाही, पण आवकाया लोणचं आणि गोंगुराची म्हणजे अंबाडीची चटणी आंबट-तिखट आहे, रिकाम्या पोटी मुलांना देऊ नका. ‘कारम तक्कुवा’ म्हटलं की तिखट कमी करतात. पोळी दुपारी सगळीकडे मिळत नाही, ‘पुलका’ मागून बघा. नाश्त्याला पेसरट्टू, म्हणजे हिरव्या मुगाचं धिरडं. मासे खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी मासळी कमी आणि महाग असते.

चौथा दिवस आणि परतीची तयारी

अर्धा दिवस हाती असेल तर सिंहाचलम. डोंगरावरचं हे वराह लक्ष्मी नरसिंहाचं मंदिर. वर्षभर मूर्ती चंदनाच्या लेपात असते, मूळ रूप फक्त अक्षय्य तृतीयेला दिसतं. त्या दिवशी प्रचंड गर्दी होते. एरवी सकाळी सातच्या सुमारास पोचलात तर रांग आवाक्यात असते. दुपारी दर्शन काही काळ बंद राहतं.

पूर्ण दिवस हाती असेल तर बीच रोडने भीमिली. वाटेत तोटलकोंड्याचे बौद्ध अवशेष आहेत. तिथे सावली नाही, म्हणून नऊच्या आत. पुढे एर्रा मट्टी दिब्बालू, म्हणजे लाल वाळूच्या टेकड्या. कडा ठिसूळ आहेत, त्यावर मुलांना चढू देऊ नका. पायाखालची वाळू घसरते आणि टेकडीचंही नुकसान होतं. भीमिलीत डच दफनभूमी आणि दीपगृह आहे.

खरेदीला एटिकोप्पाकाची लाकडी खेळणी घ्या. लाखेच्या रंगांची ही खेळणी हलकी असतात, प्रवासात सहसा मोडत नाहीत. त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. गोडात माडुगुल हलवा. तो गव्हाच्या चिकाचा, तुपाचा असतो आणि नागपूरपर्यंत आरामात टिकतो. घेताना डब्यावरची तारीख बघा.

खोली दुपारी सोडून गाडी रात्रीची असेल तर सामान हॉटेलातच ठेवून घेतात का ते विचारा. स्थानकाच्या क्लोकरूमला कुलूप लावलेली बॅग आणि तिकीट लागतं, चेन तुटलेली बॅग घेत नाहीत. ओले कपडे सगळ्यात वर ठेवा, घरी पोचल्याबरोबर आधी तेच बाहेर काढून गोड्या पाण्यातून दोनदा पिळा. मिठाचा अंश राहिला की कपडा पुन्हा पुन्हा ओलसर होतो. कॅमेरा आणि मोबाइल ओलसर फडक्याने पुसून मग कोरड्याने पुसा. गाडी नागपूरला पहाटे पोचणारी असेल तर त्याच दिवशी मुलांना शाळेत पाठवायचा बेत करू नका, रजेचा तो एक दिवस आधीच धरून ठेवा.